जामीन राहिलेला माणूस

न्यूयॉर्कच्या माफियात शिरायला नवख्याला एकच दार असतं. आतल्या कुणीतरी त्याच्याबद्दल शब्द द्यावा लागतो. ‘याला मी ओळखतो, याची जबाबदारी माझी’ असं जो म्हणतो, तो त्या क्षणापासून नव्या माणसाच्या प्रत्येक चुकीचा वाटेकरी होतो. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहणाऱ्या माणसासारखीच ही जोखीम असते, फक्त इथली वसुली पैशात होत नाही. नवखा पळाला, चोरीतला वाटा दाबून बसला किंवा पोलिसांचा निघाला, तर त्याच्यासाठी शब्द देणाऱ्याचा जीव जातो.

‘डॉनी ब्रॅस्को’ हा चित्रपट फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. माफियात शिरलेल्या एका एफबीआय एजंटची ही खरी हकिगत आहे. अशा चित्रपटांत प्रेक्षकाचा जीव सहसा एकाच प्रश्नात अडकलेला असतो: एजंट पकडला जाणार का? या चित्रपटात ती धाकधूक आहेच. पण दिग्दर्शक माइक न्यूएल आणि पटकथाकार पॉल अटॅनॅसिओ यांनी तिच्याहून अवघड प्रश्न मध्यभागी ठेवला: एजंट सुखरूप सुटला, तर त्याला जामीन राहिलेल्या माणसाचं काय होणार? या प्रश्नामुळेच गुन्हेगारी चित्रपटांच्या गर्दीत ‘डॉनी ब्रॅस्को’ची जागा वेगळी आहे.

नवा माणूस घडवताना

एजंटचं खरं नाव जोसेफ पिस्टोन. जन्म १९३९ चा, वाढला न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात, इटालियन वंशाच्या कष्टकरी कुटुंबात. १९६९ मध्ये तो एफबीआयमध्ये दाखल झाला. इटालियन वस्तीतल्या लोकांचं बोलणं, त्यांचे टोमणे, रुसवेफुगवे, मानपान त्याला लहानपणापासून ठाऊक होते. पुढे हीच त्याची सगळ्यात मोठी शिदोरी ठरली. त्याला अवजड ट्रकही चालवता येत असे. त्या जोरावर त्याने आधी वाहनचोरांच्या एका टोळीत शिरून काम केलं होतं.

एफबीआयसाठी अशी कामगिरी तेव्हा नवी होती. जे. एडगर हूव्हर १९७२ मध्ये मृत्यूपर्यंत या संस्थेचे प्रमुख होते, आणि आपल्या एजंटांनी महिनोन्‌महिने गुन्हेगारांच्या संगतीत राहावं हे त्यांना पसंत नव्हतं. त्यांच्या पश्चात वारं बदललं. १९७० मध्ये झालेला ‘रिको’ हा कायदाही हाताशी होता. या कायद्याने एकेका गुन्ह्यापुरता विचार न करता गुन्हे करणारी सगळी संघटनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करता येत होती. मात्र त्यासाठी ती संघटना आहे, तिच्यात कोण कोणाचा हुकूम मानतो आणि पैसा खालून वर कसा जातो, हे कोर्टात सिद्ध करावं लागे. खबऱ्याच्या तुटक माहितीवर ते भागत नव्हतं. त्यासाठी आत बसून सगळं पाहिलेला आणि साक्षीच्या पिंजऱ्यात न डगमगणारा माणूस हवा होता.

१९७६ मध्ये पिस्टोनचा ‘डॉनी ब्रॅस्को’ झाला. त्याचा पेशा फार विचारपूर्वक निवडला होता: दागिन्यांचा चोर. असा चोर एकटा काम करतो, त्यामुळे जुने साथीदार दाखवावे लागत नाहीत. तो मारामारीच्या वाटेला जात नाही, त्यामुळे कुणाचे हातपाय मोडून दाखव असं सहजी कुणी सांगत नाही. सोंग वठावं म्हणून पिस्टोनने रत्नपारखीचं शिक्षण घेतलं. एफबीआयच्या दप्तरातून त्याच्या नावाचे माग पुसले गेले. कार्यालयात फोन करून कुणी पिस्टोनची चौकशी केली असती, तर या नावाचा माणूस इथे नाही असंच उत्तर मिळालं असतं.

मग सुरू झालं वाट पाहणं. माफियाची माणसं ज्या बार आणि हॉटेलांत बसत, तिथे डॉनी जाऊन बसू लागला. कुणाला काही विचारायचं नाही, ओळख करून घ्यायची घाई नाही. बारमध्ये बॅकगॅमन खेळायचं, जिंकायचं, हरायचं, बिल देऊन निघून जायचं. जो माणूस प्रश्न विचारतो त्याचा संशय येतो. जो काहीच विचारत नाही, त्याच्याबद्दल इतरांनाच कुतूहल वाटू लागतं. मोहीम आखली होती सहा महिन्यांची. ती जुलै १९८१ पर्यंत चालली.

शिडीची खालची पायरी

न्यूयॉर्कमध्ये माफियाची पाच घराणी होती. डॉनीचा वावर आधी कोलंबो घराण्याच्या एका टोळीत होता, मग अँथनी मिरा याच्या ओळखीने तो बोनानो घराण्याकडे वळला, आणि तिथे त्याला बेंजामिन रुजिएरो भेटला. या माणसाला सगळे ‘लेफ्टी’ म्हणत.

घराण्याची रचना पक्की असे. वर बॉस, त्याच्याखाली उपबॉस आणि सल्लागार, मग एकेका टोळीचे कॅप्टन, त्यांच्या हाताखाली दीक्षा घेतलेले शिपाई. सगळ्यात शेवटी दीक्षा न मिळालेले साथीदार. लेफ्टी शिपाई होता, म्हणजे दीक्षा घेतलेल्यांत सगळ्यात खालचा. डॉनी त्याच्याही खालचा. बाहेरच्या माणसाची ओळख करून देतानाही ही उतरंड पाळली जाई. ‘हा माझा मित्र’ असं म्हटलं, तर तो फक्त त्या सांगणाऱ्याच्या भरवशावर आत आलेला. ‘हा आपला मित्र’ असं म्हटलं, तरच तो दीक्षा घेतलेला. लेफ्टीने डॉनीला ‘माझा मित्र’ म्हणून पुढे केलं. चित्रपटात लेफ्टी हा नियम डॉनीला समजावून सांगतो, तेव्हा आपण आपल्याच मरणाचा कागद लिहून देतो आहोत याची त्याला कल्पना नसते.

या शब्दावर किती दारं उघडली ते पाहिलं की जामीनकीचं वजन कळतं. डॉनीने लेफ्टीची गाठ मिलवॉकीच्या एका व्यावसायिकाशी घालून दिली, आणि त्याच्यासाठी लेफ्टीने तिथल्या माफियाच्या प्रमुखाशी बोलणी केली. तो व्यावसायिक दुसरा एफबीआय एजंट होता. फ्लोरिडात टॅम्पाजवळ ‘किंग्ज कोर्ट’ नावाचा क्लब एफबीआयच चालवत होती. डॉनीमार्फत बोनानोंची माणसं तिथे पोचली आणि फ्लोरिडाचा बडा म्होरक्या सांतो ट्रॅफिकांटे याच्याशी त्यांची बोलणी झाली. एका शिपायाने एका माणसासाठी दिलेला शब्द तीन शहरांतल्या टोळ्यांनी खरा मानला होता.

पडद्यावरचा लेफ्टी

लेफ्टीच्या भूमिकेत अल पचिनो आहे. १९७२ च्या ‘द गॉडफादर’मध्ये त्याने मायकेल कॉर्लिऑन साकारला होता. पंचवीस वर्षांनी तोच नट शिडीच्या तळाशी उभा दिसतो. लेफ्टीची ऐट फक्त टोपी आणि कोटापुरती. घरी आला की तो ढगळ कपडे घालून टीव्हीवर वन्य प्राण्यांच्या फिल्म पाहत बसतो. मुलगा अमली पदार्थांच्या नादी लागलेला. आपण सव्वीस माणसं मारली आणि तरी आपल्या पदरात काही पडलं नाही, ही खंत तो बोलून दाखवतो. बढती मिळेल या आशेवर त्याने जन्म काढला, आणि ती संधी आली तेव्हा सनी ब्लॅक या टोळीतल्याच दुसऱ्या माणसाला मिळाली.

माफियाच्या चित्रपटांत पैसा ओसंडून वाहताना दाखवायची रीत आहे. न्यूएलने चणचण दाखवली. सनी ब्लॅकची माणसं रस्त्यावरचे पार्किंगचे मीटर चोरून आणतात आणि आतली नाणी काढायला ते हातोड्यांनी फोडत बसतात. दर महिन्याला वरच्याला ठरलेली रक्कम पोचवायची असते, आणि ती कुठून आणायची या विवंचनेत ही माणसं जगतात. नाताळच्या दिवशी डॉनी आणि लेफ्टी एकमेकांना पैशांची पाकिटं भेट देतात. थोड्याच वेळात लेफ्टी दिलेले पैसे उसने म्हणून परत मागतो. पचिनो हे मागणं इतक्या सहजपणे करतो, की त्या माणसाच्या संसाराचा सगळा हिशोब आपल्यासमोर मांडला जातो. आयुष्यभर घराण्याची चाकरी करून लेफ्टीपाशी उरलेली खरी कमाई म्हणजे हा तरुण, जो त्याचं ऐकतो आणि त्याला मान देतो.

डॉनीच्या भूमिकेत जॉनी डेप फार कमी बोलतो. तो सतत ऐकत असतो. त्याच्या ऐकण्यात दोन माणसं आहेत: एक प्रत्येक नाव लक्षात ठेवणारा, दुसरा समोरच्याच्या दुःखाने हललेला. घरी बायको आणि तीन मुली आहेत. तो महिनोन्‌महिने येत नाही, आला की डॉनीसारखाच बोलतो आणि चिडतो. ॲन हेशने साकारलेली मॅगी त्याच्या कामाला दोष देत नाही, पण आपल्यासमोर बसलेला माणूस ओळखू येईनासा झाला आहे हे तिला दिसतं. खऱ्या पिस्टोनलाही तीन मुली होत्या, आणि त्या काळात त्या बापाविनाच वाढल्या.

बुटातलं यंत्र

चित्रपटातला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग एका जपानी हॉटेलात घडतो. तिथल्या रिवाजाप्रमाणे आत जाण्याआधी बूट काढायचे असतात. डॉनीच्या बुटात ध्वनिमुद्रण यंत्र दडवलेलं आहे. बूट काढले तर जीव जाणार. तो नकार देतो आणि कारण शोधतो: माझे वडील जपान्यांशी लढताना मेले, मी यांच्यासमोर बूट काढणार नाही. बरोबरचे सगळे या अपमानाने पेटतात. हॉटेलातल्या निरपराध माणसाला ते प्रसाधनगृहात नेऊन बेदम मारतात, आणि सोंग टिकवायचं म्हणून डॉनीलाही त्यात लाथा घालाव्या लागतात. यंत्र सगळं टिपून घेतं.

या एका प्रसंगात छुप्या कामगिरीचा नैतिक पेच पूर्ण उभा राहतो. कायद्याने एजंटला गुन्हेगाराचं सोंग घ्यायची मुभा दिली आहे, पण गुन्ह्याची कल्पना त्याच्या डोक्यातून निघता कामा नये. त्याने चिथावलं असं ठरलं, तर खटला कोसळू शकतो. आणि आजूबाजूला घडणाऱ्या हिंसेपासून पूर्ण अलिप्त राहिला, तर त्याचं सोंग कोसळतं. या दोहोंच्या मधली जागा अतिशय अरुंद आहे. तिथे रोज उभं राहायचं, तेही एकट्याने, सल्ला घ्यायला कुणी जवळ नसताना. खऱ्या पिस्टोनने बराचसा काळ अंगावर यंत्र न बाळगताच काढला. नावं, आकडे, कोण कोणाला भेटलं, हे सगळं तो डोक्यात साठवत असे आणि संधी मिळेल तेव्हा संपर्कातल्या एजंटला फोनवर सांगत असे. लिहून ठेवलेली एक चिठ्ठीसुद्धा त्याचा घात करू शकली असती.

रक्ताचं राजकारण

१२ जुलै १९७९ रोजी ब्रुकलिनमधल्या एका हॉटेलच्या मागच्या अंगणात कार्माइन गॅलांटे याला गोळ्या घालण्यात आल्या. तो बोनानो घराण्यातला सगळ्यात दरारा असलेला माणूस होता. अधिकृत बॉस फिलिप रास्टेली तुरुंगात होता. गॅलांटेनंतर घराण्यात दोन तट पडले. याच उलथापालथीत डॉमिनिक नॅपोलिटानो, म्हणजे सनी ब्लॅक, कॅप्टन झाला आणि लेफ्टी व डॉनी त्याच्या टोळीत आले. चित्रपटात ही भूमिका मायकेल मॅडसनने केली आहे.

५ मे १९८१ रोजी विरोधी तटाच्या तीन कॅप्टनना बोलणीसाठी बोलावून ठार मारण्यात आलं. त्यांतल्या एकाचा मुलगा ब्रुनो इंडेलिकाटो बैठकीला आला नव्हता, म्हणून वाचला. त्याला शोधून मारायचं काम सनी ब्लॅकने डॉनीवर सोपवलं. डॉनीला दीक्षा मिळावी म्हणून त्याचं नाव पुढे करण्याचंही सनीने ठरवलं होतं. एफबीआयचा एजंट माफियाचा दीक्षित सदस्य होण्याच्या उंबरठ्यावर आला होता. पिस्टोनला थांबायचं नव्हतं. वरिष्ठांनी मात्र २६ जुलै १९८१ रोजी मोहीम बंद केली. एजंटच्या हातून खून होऊ देणं शक्य नव्हतं, आणि हुकूम टाळला तर त्याचा स्वतःचा खून ठरलेला होता.

त्यानंतर एफबीआयचे एजंट सनी ब्लॅकच्या ब्रुकलिनमधल्या ‘मोशन लाउंज’ या अड्ड्यावर गेले आणि डॉनी हा आमचा माणूस आहे असं त्यांनी त्याला सांगितलं. आधी कुणाचा विश्वासच बसेना. चित्रपटातही डॉनीचा फोटो पाहून ही माणसं म्हणतात की ही पोलिसांची चाल असणार. ज्या माणसासाठी आपण शब्द दिला, त्याच्यावरचा विश्वास काढून घेणं म्हणजे आपल्याच मृत्यूवर सही करणं होतं. त्यांना ती सही करवत नव्हती.

पटकथेने काय बदललं

चित्रपटाच्या शेवटी लेफ्टीला फोन येतो. तो शांतपणे अंगठी, घड्याळ, पैसे काढून खणात ठेवतो आणि बायकोला सापडावं म्हणून खण जरासा उघडा सोडतो. डॉनीचा फोन आला तर त्याला सांग, म्हणतो, हे कुणाच्याही हातून व्हायचंच होतं तर ते तुझ्या हातून झालं याचं मला समाधान आहे. मग तो निघून जातो. तो परत येणार नाही हे प्रेक्षकाला कळतं.

प्रत्यक्षात असा निरोप ठेवून घराबाहेर पडणारा माणूस सनी ब्लॅक होता. १७ ऑगस्ट १९८१ रोजी त्याला बैठकीचं बोलावणं आलं. मोशन लाउंजच्या गच्चीवर तो शर्यतीची कबुतरं पाळत असे. निघण्यापूर्वी त्याने आपले दागिने आणि घराच्या किल्ल्या बारमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे दिल्या, कबुतरांची काळजी घेता यावी म्हणून. डॉनीबद्दल आपल्या मनात राग नाही, त्याने त्याचं काम केलं, असं त्याने जवळच्या व्यक्तीला सांगितलं होतं. स्टेटन आयलंडवर त्याचा मृतदेह सापडला तो जवळपास वर्षभराने.

लेफ्टीचं नशीब वेगळं निघालं. त्याचीही सुपारी निघाली होती. ती पार पडण्याआधीच ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस एफबीआयने त्याला अटक केली, आणि त्या अटकेनेच त्याचा जीव वाचवला. त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. कर्करोगामुळे १९९२ मध्ये तो सुटला आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये वारला. चित्रपट येईपर्यंत तो या जगात नव्हता.

पटकथेने सनीचा शेवट लेफ्टीला दिला. इतिहासाच्या कसोटीवर ही मोडतोड आहे. पण ती कशासाठी केली हे पाहिलं पाहिजे. डॉनीसाठी शब्द दिला तो लेफ्टीने, त्याला जेवू घातलं, नियम शिकवले, आपल्या घरात बसवलं. नाट्याच्या न्यायाने वसुली त्याच्याकडूनच व्हायला हवी होती. दुसरा एक बदल मात्र डोळसपणे लक्षात ठेवावा. तीन कॅप्टनच्या हत्येनंतर प्रेतांची विल्हेवाट लावताना डॉनी हजर असल्याचं चित्रपट दाखवतो; पिस्टोन तिथे नव्हता. या प्रसंगाची कोर्टातल्या पुराव्याशी गल्लत करू नये. पिस्टोनने रिचर्ड वुडली यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकावर हा चित्रपट आधारला आहे, आणि रूपांतरित पटकथेसाठी त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

वसुली

पिस्टोनच्या कामगिरीतून दोनशेहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले आणि शंभराहून अधिक दोषी ठरले. न्यूयॉर्कच्या घराण्यांच्या प्रमुखांची एक समिती होती. एफबीआयचा एजंट घरात घेतला म्हणून बोनानो घराण्याला तिथली जागा गमवावी लागली. १९८५-८६ मध्ये त्या समितीवरच खटला चालला, तेव्हा पिस्टोन साक्षीदार होता. डॉनीला आधी घराण्याच्या जवळ आणणारा अँथनी मिरा फेब्रुवारी १९८२ मध्ये मारला गेला. पिस्टोनच्या डोक्यावर पाच लाख डॉलरचं इनाम लागलं. एफबीआयने त्याला दिलेलं बक्षीस पाचशे डॉलरचं होतं. तो आणि त्याचं कुटुंब पुढची वर्षं नाव बदलून जगले.

इतक्या लोकांना शिक्षा झाली याचं मोल मी कमी लेखत नाही. ही माणसं खुनी होती. त्यांच्या खंडणीने दुकानदार, कामगार आणि त्यांची कुटुंबं भरडली गेली होती, आणि एका माणसाने आपली उमेदीची वर्षं पणाला लावून ते थांबवायला हातभार लावला. त्याचबरोबर हेही तितकंच खरं आहे, की पुरावा मिळाला तो कुणाच्या तरी विश्वासातून. लेफ्टीने डॉनीवर माया केली नसती, तर एकही खटला उभा राहिला नसता. चित्रपट या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवतो आणि एकीसाठी दुसरी पुसत नाही. चित्रपटात शेवटी पदक आणि धनादेश घेताना डेपच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नाही, तो याच कारणाने.

या हकिगतीचा अखेरचा अध्याय चित्रपटानंतर लिहिला गेला. सनी ब्लॅकच्या हत्येमागे जोसेफ मॅसिनो होता. हाच पुढे बोनानो घराण्याचा बॉस झाला. डॉनीच्या धड्यातून शिकून त्याने अड्डे बंद करायला लावले आणि आपलं नाव कुणी उच्चारायचं नाही, त्याऐवजी कानाला हात लावायचा, असा दंडक घातला. बाहेरचा माणूस आत येणार नाही याची त्याने जिवापाड काळजी घेतली. २००४ मध्ये सनी ब्लॅकसह सात खुनांसाठी तो दोषी ठरला. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या साक्षीदारांत त्याचा सख्खा मेहुणा होता, आणि त्याला जन्म गेला तरी घराण्याबाहेरचा म्हणता आलं नसतं. मग खुद्द मॅसिनोच सरकारचा साक्षीदार झाला. न्यूयॉर्कच्या पाच घराण्यांपैकी एखाद्याच्या बॉसने असं करण्याची ती पहिलीच वेळ होती. चुकीच्या माणसासाठी शब्द दिला म्हणून ज्याने सनीचा जीव घेतला, त्यानेच शेवटी स्वतःचा शब्द मोडला. लेफ्टी आणि सनी यांनी मात्र अखेरपर्यंत पोलिसांना काही सांगितलं नाही. ज्या व्यवस्थेने आपल्या सर्वांत निष्ठावंत माणसांचे बळी घेतले, तिच्यासाठी तोंड बंद ठेवायला मग निष्ठा उरलेलं कुणी राहत नाही. पिस्टोनने दार उघडलं होतं, पण ते घर आतून पोखरलं ते या न्यायाने.